गंजलेला अंगठा

परत आलेली कात्री मी काउंटरवरच उघडली. आतल्या बाजूला, जिथे पातं पात्यावर घासतं तिथे, तपकिरी अंगठा उमटला होता. रेघ न् रेघ दिसत होती. समोरची शिंपीणबाई म्हणाली, "ताई, तुमच्याकडची कात्री म्हणून मी डोळे झाकून घेतली. पांढऱ्या कापडाला हा डाग लागला असता तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"अहो, तेल कमी पडलं असेल," मी म्हटलं.

ठार खोटं. तेल मी स्वतः लावते, आणि माझ्या हातून तेल कमी पडायला मला काय वेडबिड लागलंय? अंगठा कुणाचा ते मला पक्कं ठाऊक होतं. मी बाईंना दुसरी कात्री दिली, गोड बोलून वाटेला लावलं आणि ती गंजलेली कात्री गल्ल्याच्या खालच्या खणात ढकलली. तिथे तिला सोबत होती. आधीच्या चार-पाच तशाच पडल्या होत्या.

आमचं कात्र्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे कारखाना, वरच्या मजल्यावर घर. कारखाना म्हणायचं आपलं, खोल्या तीन. एकीत पाती घासतात, दुसरीत त्यांना निकेलचा मुलामा देतात आणि तिसरीत एक लांब बाक आहे, तिथे कात्री बसवतात. हे बसवणं म्हणजेच आमचा सगळा धंदा. कात्रीची दोन पाती सरळ नसतात, दोन्हींना किंचित बाक असतो. मिटताना ती एका वेळी एकाच जागी भेटली पाहिजेत आणि ती जागा खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत गेली पाहिजे. बाक जास्त झाला की कात्री चावते, कमी झाला की कापड चघळते. हातोडीने हलकं ठोकायचं, अंगठा पात्यावर फिरवून बघायचं, उघडमीट करून कान द्यायचा, पुन्हा ठोकायचं. आतल्या बाजूला मुलामा ठेवत नाहीत, कारण त्यावर धार टिकत नाही. तिथे पोलाद उघडं असतं, आणि नेमकं तिथेच बोट फिरवावं लागतं.

हे काम माझा थोरला भाऊ करायचा. मी त्याला दादा म्हणते. मुलामाही तोच देतो. माणूस सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू दात उपटायचाय. त्याची उणीव मी भरून काढते, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

दादाच्या बोटांचे सांधे धरायला लागले. मोठ्या कात्र्या अजून जमायच्या, पण बारीक कात्र्या, भरतकामाच्या, केस कापायच्या, त्याच्या अंगठ्याला कळेनाशा झाल्या. आता बाकावर दुसरं कुणी बसलं नाही तर बाहेरून तयार कात्र्या आणून विकायच्या आणि आपल्या नावाचा शिक्का मारायचा, एवढंच उरलं होतं. त्या विचारानेच माझ्या अंगाची आग व्हायची.

आणि बसायला माणूस नव्हतं असंही नाही. दादाची मुलगी, माझी भाची. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून ढबी. आता काठीसारखी शिडशिडीत आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पोरीचा कान असा, की मी काउंटरवर कात्री उघडमीट केली तर ही मागून ओरडणार, "आत्या, ती टोकाला चावतेय, देऊ नकोस!" दादाला जे शिकायला अर्धं आयुष्य लागलं ते हिला बघून बघून आलं. सगळं आलं. फक्त हात साथ देईनात.

ढबीचे तळहात घामेजतात. तुमच्याआमच्यासारखे नव्हेत. थंडी असो, पंखा असो, बसल्या जागी तळहातावर थेंब जमतात आणि मनगटावरून ओघळतात. शाळेत परीक्षेचा पेपर ओला व्हायचा म्हणून हाताखाली रुमाल घ्यायची. मैत्रिणींनी हात धरला की काहीतरी निमित्त काढून सोडवून घ्यायची. कुणी ओळखीचं भेटलं की हिचे हात पाठीमागे. लोकांना वाटायचं काय शिष्ट मुलगी आहे! आणि आमच्या कारखान्यात तर काय, जिथे बोट लागेल तिथे दुसऱ्या दिवशी गंज. तेल लावा, पुसा, काहीही करा. कधी लगेच दिसायचा, कधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन दिसायचा.

हातमोजे? घालून पाहिले ना. सुती मोजे भिजून चिंब झाले. रबरी मोज्यात अंगठ्याला काही कळेना. "आंघोळ करताना रेनकोट घालण्यासारखं आहे," ढबी म्हणाली आणि मोजे भिरकावून दिले.

शिंपीणबाई गेल्या त्याच दुपारी ढबी काउंटरवर आली. खालचा खण उघडून तिने ती कात्री काढली, अंगठा पाहिला आणि परत ठेवली. म्हणजे हिला खण ठाऊक होता तर.

"आत्या, मी ऑपरेशन करून घेणार आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये बोलून आलेय. तारीखही दिलीय."

"कसलं ऑपरेशन?"

"छातीत बाजूने छोटी भोकं पाडतात आणि घाम आणणारी नस कापतात. हात कोरडे होतात. कायमचे."

"आणि मग तो घाम जातो कुठे?"

"कधीकधी पाठीवर येतो. पोटावर, मांड्यांवर. त्यांनी सांगितलंय तसं. सगळ्यांना नाही येत जास्त."

"आणि आला तर? परत जोडतात नस?"

"नाही."

मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तोंडाचा पट्टा सुटला की मला थांबवणारा अजून जन्मायचाय. ज्यांना गरज असेल त्यांनी करावं की, माझं काही म्हणणं नाही. पण पहिलाच उपाय छातीला भोकं पाडायचा? आधी लावलेलं एक औषध सोडलं तर पोरीने दुसरं काही करून पाहिलं नव्हतं. ते रात्री तळहाताला लावायचं पाणचट औषध होतं. त्याने खाज सुटली, घाम थोडा आटला, पण गंज काही थांबला नव्हता.

दादाला सांगितलं. तो बाकावर बसला होता. त्याने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "कशाला छातीशी खेळ? मी एखादा कारागीर बघतो."

झालं. ढबीचा चेहरा असा उतरला की मला दादाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. ती वर निघून गेली. मी मागोमाग गेले. "बाबांना मी बाकावर नकोच आहे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "लहानपणापासून एकच ऐकतेय, लांब हो, डाग पडतील. हात कोरडे झाले की मग बघते कसे नाही म्हणतात."

"तुझा बाप नाही म्हणत नाही गं. तो काहीच म्हणत नाही. दोन्हींत फरक आहे."

"मला नाही कळत फरक," ती म्हणाली.

शेवटी मी अट घातली. ऑपरेशनची तारीख अजून लांब होती. तोवर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते जे सांगतील ते करायचं आणि तरीही हात ओलेच राहिले तर मी स्वतः हॉस्पिटलात सोबत येईन. ढबी कबूल झाली, पण नुसती माझी समजूत काढायला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, नाकावर घसरलेला चष्मा, बोलायला फटकळ. मला पहिल्याच वाक्याला आवडल्या. त्यांनी ढबीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि आपला हात पुसायची घाई केली नाही. ढबी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"याला मनाची भीती वगैरे कारण लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घामाच्या ग्रंथींना गप्प बस म्हणणारं कुणी नाही, एवढंच. ऑपरेशन हा शेवटचा दरवाजा आहे. त्याच्या आधी बरेच दरवाजे आहेत. आपण पाण्याच्या आणि करंटच्या दरवाजातून जाऊ. त्याने नाही झालं तर गोळ्या आहेत, तळहातात इंजेक्शनं आहेत. मग बघू."

त्यांनी दोन उथळ ट्रे काढले. दोन्हींच्या तळाशी धातूची पट्टी, त्यावर जाळी, आणि दोन्हींच्या वायरी एका छोट्या यंत्राला जोडलेल्या. ट्रेमध्ये पाणी, पाण्यात तळहात, आणि यंत्रातून अगदी थोडा करंट. आमच्या मुलाम्याच्या टाकीची धाकटी बहीणच वाटली मला. मी तसं म्हटलंही. डॉक्टर हसल्या.

"पेसमेकर? शरीरात कुठे धातू? दिवस गेलेत?" त्यांनी ढबीला विचारलं. काहीच नव्हतं. "अंगठ्या-बांगड्या काढायच्या. बोटांना जिथे कापलेलं आहे तिथे व्हॅसलीन लाव, नाहीतर झोंबेल. करंट हळूहळू वाढवायचा, मुंग्या येतील इतपत. मध्येच हात बाहेर काढायचा नाही, झटका बसेल. घरी करायचं, रोज. फरक दिसायला काही आठवडे लागतात, कुणाला जास्त. आणि एकदा कोरडे झाले म्हणून सोडून द्यायचं नाही. मधूनमधून करत राहावं लागतं, केसांना तेल लावतो तसं."

ढबीने हात पाण्यात घातले. डॉक्टरांनी यंत्राची चकती फिरवली, करंट दाखवणारा काटा वर सरकला. पोरीने डोळे मोठे केले. "मुंग्या येतायत! अगं आत्या, खरंच मुंग्या!"

यंत्र आम्ही भाड्याने घेऊन घरी आलो. वरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावलं. ढबी सकाळी दुकान उघडायच्या आधी बसायची. मी दादाला म्हटलं, "तू पहाटेपासून उठून येरझारा घालतोसच, तेवढे ट्रे भरून ठेवत जा." त्याने मान हलवली. बाकी एक शब्द नाही. तो आमच्याबरोबर दवाखान्यात आला नव्हता, यंत्राबद्दल त्याने काही विचारलंही नव्हतं. मला वाटलं, याला काही घेणंदेणंच नाही.

आठवडे गेले. काही म्हणजे काही फरक नाही. ढबी चकती शेवटापर्यंत फिरवायची, काटा जेमतेम हलायचा. दवाखान्यात आल्या तशा मुंग्या येईनात. आम्हाला वाटलं, भाड्याचं जुनं यंत्र, काट्याचा काय भरवसा. मग वाटलं, सवय झाली असेल. मी म्हणत होते डॉक्टरांना फोन करू, ढबी म्हणायची, "त्यांनी सांगितलंय ना, कुणाला जास्त दिवस लागतात. उगाच काय विचारायचं? माझे हात करंटलासुद्धा दाद देत नाहीत म्हणून सांगू?" ती रोज सकाळी मुकाट्याने बसायची, संपलं की हात पुसायची. पुसेपर्यंत पुन्हा ओले.

एकदा तिने गुपचूप बाकावर बसून एक भरतकामाची कात्री बसवली. मी वाजवून बघितली, माझ्या अंगावर काटा आला इतकी सुरेख. दुसऱ्या दिवशी आत अंगठा आणि तर्जनी दोन्ही उमटली होती. ढबीने ती माझ्यासमोर ठेवली. "पुरे आता," ती म्हणाली. "आत्या, तू शब्द दिलायस. सोबत येणार आहेस ना?"

"येणार आहे," मी म्हटलं, आणि आत जाऊन रडले. रागाने रडले मी. कुणावर राग ते मात्र ठरेना.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मुलाम्याच्या खोलीत बॅटरीच्या पाण्याचे कॅन लागतात. बॅटरीत घालतात ते, अगदी शुद्ध पाणी. मुलामा दिलेली पाती शेवटची विसळायची ती याच पाण्यात, कारण नळाच्या पाण्याने विसळली तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. कॅन मी मागवते. ते भराभर संपायला लागले होते, आणि काम तर होतं तेवढंच. म्हटलं, घासणाऱ्यांपैकी कुणी पाणी सांडतंय की काय, आज रंगेहाथ पकडते. पहाटे उठून खाली गेले.

मुलाम्याच्या खोलीत दिवा होता. दादा शेगडीवर पातेलं ठेवून पाणी कोमट करत होता. बाजूला उघडा कॅन, आणि त्याच्याशेजारी ढबीचे दोन्ही ट्रे, आरशासारखे पुसलेले.

"दादा, हे काय चाललंय?"

"पाणी."

"ते दिसतंय मला. कुठलं?"

"बॅटरीचं. दुसरं कुठलं?" त्याला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. मग त्याने एका दमात आठवड्याचं बोलून घेतलं. "नळाच्या पाण्यात चुना किती असतो बघितलायस? बादलीच्या तळाला थर बसतो. कात्रीला शेवटचं म्हणून मी जे पाणी लावत नाही, ते पोरीच्या हातांना लावू? आणि सकाळी थंडगार असतं. म्हणून जरा कोमट करतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आधी मला काही उमगलंच नाही, कुठेतरी काहीतरी टोचत होतं एवढंच. मग नजर त्याच्या मुलाम्याच्या टाकीवर गेली, आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं.

"दादा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "तुझ्या टाकीत नुसतं हे पाणी भरलं आणि करंट सोडला तर मुलामा चढेल?"

"वेडी आहेस का? पाण्यात क्षार नसले तर करंट जाणार कसा—"

तो थांबला. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने पातेल्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. उभा जन्म टाकीत मोजून क्षार घालण्यात गेला या माणसाचा. झोपेत उठवून विचारलं तरी सांगेल. तो उपड्या बादलीवर मटकन बसला.

"माझ्या डोक्यातच नाही आलं," तो म्हणाला. "हात म्हटल्यावर मला धुणंच सुचलं. चांगल्या पाण्याने धुवावेत म्हटलं."

"अरे देवा! अरे बाबा रे!" मी कपाळावर हात मारून घेतला. "पोरगी आठवडेच्या आठवडे शुद्ध पाण्यात हात बुडवून बसली! आणि मी यंत्राला शिव्या घालतेय! दादा, तुला आता काय म्हणू मी?"

म्हणायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण दारात ढबी उभी होती. कधीपासून कोण जाणे. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत.

"बाबा, रोज?" तिने विचारलं.

"रोज," दादा म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"कोमट करून?"

"हो."

ती आत आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "मला वाटलं तुम्हाला मी इथे नकोच आहे."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. एखादा कारागीर बघतो म्हणालात."

दादाचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मी मनात म्हणत होते, बोल, अरे बोल, एकदा तरी बोल. पण तो उठला, दोन्ही ट्रे काखोटीला मारले आणि नळाकडे गेला. नळ इतक्या जोरात सोडला की त्याचा सदरा भिजला.

दवाखाना उघडल्या उघडल्या मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुमच्या घरात बॅटरीचं पाणी नळासारखं वाहतंय हे मला कसं सुचणार? पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आणि हो, आता चकती आधी शून्यावर आणा! शेवटापर्यंत ठेवून हात घातले तर किंचाळेल ती."

ढबी बसली. नळाचं पाणी, चकती शून्यावरून हळूहळू वर. थोडीशीच फिरली आणि ती ओरडली, "आई गं!" काटा ताठ उभा राहिला होता. ती हसत होती आणि झोंबतंय म्हणून ओठही चावत होती. बिचाऱ्या यंत्राची मी मनातल्या मनात माफी मागितली.

हॉस्पिटलला सांगून तिने तारीख पुढची घेतली. रद्द नाही केली. मीही आग्रह धरला नाही. आशा लावून पुन्हा आपटण्यापेक्षा एक दार उघडं ठेवलेलं तिला बरं वाटत होतं, आणि मला ते पटत होतं.

फरक एकदम नाही पडला. आधी बोटांची टोकं कोरडी झाली, मधला तळवा ओलाच. मग एक दिवस ती वर्तमानपत्र वाचता वाचता थबकली, कारण पान बोटाला चिकटलं नव्हतं. मग पुन्हा दोन दिवस ओले, आणि घरात सुतकी शांतता. मग पुन्हा कोरडे. एकदा दुकानात कुणीतरी ओळखीच्या बाई आल्या, त्यांनी हात पुढे केला, आणि ढबीने आपला हात दिला. बाई गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, त्यांनी हात पुसला नाही," आणि आम्ही दोघी काउंटरच्या मागे येड्यासारख्या हसत सुटलो. अजूनही घाई झाली, टेन्शन आलं की तळवे दमट होतात. डॉक्टर म्हणाल्या, होणारच, तू माणूस आहेस. पण ओघळ गेले ते गेले.

मग तिने खरी परीक्षा घेतली. बारीक केशकर्तनाची कात्री, आतलं पोलाद नुकतं घासलेलं. बाकावर बसून मोकळ्या हाताने बसवली. अंगठा जितका फिरवायचा तितका फिरवला, आणि मला म्हणाली, "हिला तेल लावायचं नाही. हात लावायचा नाही. दोन दिवस अशीच उघडी ठेवायची." त्या दोन दिवसांत आम्ही तिघंही त्या बाकाजवळून चोरासारखे जात-येत होतो. दादाने तर किमान दहा वेळा चष्मा पुसला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कात्री उचलून खिडकीत धरली. एक पातं स्वच्छ. दुसरं पातं स्वच्छ. खिळ्याजवळ एक ठिपका होता, मोहरीएवढा, तो तिने नखाने खरवडला आणि गेला. कात्री बाजूला ठेवून तिने पुढची पाती ओढली आणि कामाला लागली.

त्याच दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती, म्हणून दादाने उचलला. एरवी तो फोनला हात लावत नाही. हॉस्पिटलातून होता. पुढच्या आठवड्यातली तारीख नक्की का, एवढंच विचारत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून ढबीच्या हातोडीचा आवाज येत होता.

"हो, वडील बोलतोय," दादा म्हणाला. "नाही. नाही येणार. रद्द करा." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कारण? कारण काय..." त्याने मागच्या दाराकडे बघितलं. "आमच्याकडे कात्री बसवणारं माणूस एकच आहे. ती चार दिवस नसली तर दुकान चालत नाही. माझ्याने आता होत नाही ते. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे, पहिल्यापासूनच होता... नाही हो, कारागीर नाही. मुलगी आहे माझी."

आतली हातोडी थांबली होती. गिऱ्हाइकांना तसंच उभं सोडून मी आत डोकावले. ढबी बाकावर बसली होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते दंडाने पुसत होती, एकदा या दंडाने, एकदा त्या, दोन्ही तळहात मात्र समोर हवेत उंच धरून, ओले होऊ नयेत म्हणून.